पंधरा नव्या पैशांच्या रमाबाई

आमच्या वाशिमच्या जुन्या घरात पत्रं तारेला ओवून ठेवायची पद्धत होती. खाली लाकडी चकती, वर वाकवलेला आकडा आणि मधे वर्षानुवर्षांची पाकिटं, पोस्टकार्डं, मनीऑर्डरच्या पावत्या. ती तार भिंतीवरून खाली उतरली की मी पत्र वाचायचो नाही, तिकीट पाहायचो. सातवीत असेन. वर्गात तिकिटं जमवायची साथ आली होती आणि ज्याच्या घरी जुनी तार तो श्रीमंत, असा हिशेब होता. अब्बांची परवानगी काढून पाकिटाचा कोपरा कापायचा, ताटलीत पाणी घेऊन तो बुडवायचा. डिंक सुटला की कागद एकीकडे आणि तिकीट एकीकडे. मग ते वर्तमानपत्रावर पालथं घालायचं आणि वाळलं की जाड पुस्तकाखाली दाबायचं.

अशाच एका कोपऱ्यातून एके दिवशी रमाबाई रानडे बाहेर आल्या. किंमत पंधरा नवे पैसे. टपालाचा शिक्का बरोबर कपाळावर बसलेला. गावाचं नाव पुसट, वाचता येत नव्हतं. अब्बांना विचारलं, या कोण? म्हणाले, "जज्ज रानड्यांची बायको." शाळेत गुरुजींना विचारलं, तर तेच उत्तर जरा शुद्ध भाषेत मिळालं: "न्यायमूर्ती रानडे यांच्या सुविद्य पत्नी." मला ते पुरलं. तिकीट वहीत चिकटलं आणि मी पुढच्या पाकिटाकडे वळलो.

कॉलेजात असताना त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचलं. 1910 सालचं पुस्तक. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी, नवऱ्यानं हातात दिलेली पाटी आणि शिकते म्हणून घरातल्या बायकांनी केलेला छळ. पुस्तक विलक्षण आहे, पण त्याच्याही मध्यभागी न्यायमूर्तीच आहेत. ते वाचून मिटलं की वाटतं, या बाईंचं आयुष्य 1901 साली, पती गेले तिथे, संपलं असावं. प्रत्यक्षात पुढे तेवीस वर्षं त्या जगल्या आणि ज्या कामांमुळे त्यांचा चेहरा तिकिटावर यावा अशी बरीचशी कामं त्या तेवीस वर्षांतली आहेत. पुण्याची सेवासदन संस्था 1909 ची. मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून पुण्यात बायकांनी जी चळवळ केली तिच्यात त्या पुढे होत्या. आणि 1921-22 च्या सुमारास मुंबई इलाख्यात स्त्रियांना मत मिळावं म्हणून जी मोहीम चालली तिचं नेतृत्व साठीला टेकलेल्या याच बाईंनी केलं. हे मला फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर कळलं. तिकीट तोवर तीस वर्षं माझ्याच घरी होतं.

तिकिटाचा दोष म्हणता येणार नाही. एवढ्याशा कागदावर चेहरा, नाव आणि किंमत, याहून जास्त काय मावणार? 15 ऑगस्ट 1962 ला, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ते निघालं. त्याच वर्षी 26 जानेवारीला मादाम कामांचं निघालं होतं. पुढच्या वर्षी ॲनी बेझंट, 1964 मध्ये सरोजिनी नायडू. माझ्या वहीत या बायका ओळीनं बसल्या आहेत. बेझंटबाई, सरोजिनीबाई आणि रमाबाई या तिघी मताच्या मागणीत एकमेकींच्या साथीला होत्या, हे मात्र ती ओळ पाहून कुणाला कळणार नाही.

ही तिकिटं छापली जायची आपल्याच नाशिक रोडला. तिथलं सरकारी सिक्युरिटी प्रेस 1925 च्या सुमाराला उभं राहिलं. त्याआधी हिंदुस्थानची तिकिटं विलायतेहून छापून यायची. 1952 साली संत आणि कवींची जी मालिका निघाली, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर, तिच्यापासून नाशिकला फोटोग्रॅव्ह्युअर पद्धत आली. ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. चित्राचा फोटो काढून तो बारीक जाळीतून तांब्याच्या रुळावर उतरवतात आणि आम्लानं रूळ खोदतात. रुळावर हजारो सूक्ष्म खळगे तयार होतात. जिथे गडद हवं तिथे खळगा खोल, जिथे फिकट तिथे उथळ. शाई लावायची, पात्यानं वरची शाई खरवडून काढायची आणि खळग्यात उरलेली शाई कागदानं शोषून घ्यायची. भिंगाखाली पाहिलं तर रमाबाईंचा चेहरा म्हणजे नुसते ठिपके आहेत. ज्या खळग्यात जास्त शाई साठली तो भाग आपल्याला सावली वाटतो.

याच नाशिकच्या प्रेसनं आणखी एक गोष्ट छापली आणि माझ्या मते ती सगळ्या तिकिटांहून मोलाची. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपत्रिका. कोट्यवधी मतपत्रिका तिथे छापून देशभर गेल्या. म्हणजे रमाबाईंनी जे मागितलं ते आधी छापलं गेलं आणि दहा वर्षांनी रमाबाई. एकाच गावात, एकाच कारखान्यात.

आता मागणी कशी झाली ते पाहू. 18 डिसेंबर 1917 ला मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू आणि व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांच्यापुढे स्त्रियांचं एक शिष्टमंडळ उभं राहिलं. पुढारीपण सरोजिनी नायडूंकडे. जुळवाजुळव मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंची. नव्या राज्यघटनेत ‘लोक’ हा शब्द येईल तेव्हा त्यात आम्हीही मोजल्या जाव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या शिष्टमंडळातल्या नावांची यादी मी पाहिली तेव्हा एका नावावर थांबलो: बेगम हसरत मोहानी.

हसरत मोहानी कोण ते सांगायला नको. उर्दूतले मोठे शायर. त्यांची एक गझल गुलाम अलींच्या आवाजात घराघरात पोचली आहे. ‘इन्किलाब झिंदाबाद’ या घोषणेशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. पण बेगम हसरत मोहानी हे काही नाव नव्हे. अमक्याची बायको, एवढाच त्याचा अर्थ. त्या बाईंचं नाव निशातुन्निसा. नवरा 1908 साली राजद्रोहाखाली तुरुंगात गेला तेव्हा ही बाई डगमगली नाही. पुढे अलिगढला त्यांनी स्वदेशी मालाचं दुकान चालवलं आणि मुसलमान घरांत पडदा कडक असलेल्या त्या काळात त्या बाहेर पडल्या. मत मागायला मद्रासपर्यंत गेल्या आणि कागदावर नोंद झाली ती नवऱ्याच्या नावानं. त्याच यादीत मुंबईच्या एक ‘डॉ. जोशी’ आहेत. त्यांच्याही नावाच्या जागी नुसतं आडनाव. मी कवी माणूस. यादीतल्या या रिकाम्या जागा मला शब्दांपेक्षा जास्त बोलतात.

1918 मध्ये मुंबईला काँग्रेसचं खास अधिवेशन भरलं. अध्यक्ष सय्यद हसन इमाम. तिथे स्त्रियांच्या मताला पाठिंबा देणारा ठराव झाला. पण मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला आलेल्या साउथबरो समितीनं स्त्रियांना वगळलं. इथल्या समाजाची तयारी नाही, असं कारण दिलं गेलं. तेव्हा मुंबईच्या स्त्रियांनी ठरवलं की लंडनला जाऊनच बोलायचं. 1919 साली गेल्या त्या मायलेकी, हिराबाई टाटा आणि त्यांची एकवीस वर्षांची मुलगी मिठन.

या मायलेकींविषयी मला जवळीक वाटण्याचं एक कारण अगदी वऱ्हाडी आहे. मिठनचे वडील कापडगिरणीत नोकरीला होते आणि ती लहान असताना हे कुटुंब काही काळ पुलगावला राहिलं. वर्ध्याचं पुलगाव. तिथून अहमदाबाद, मग मुंबई. 1911 साली मायलेकी काश्मीरला गेल्या होत्या. श्रीनगरात त्यांची गाठ पडली सोफिया दुलीपसिंगशी. महाराजा रणजितसिंगांची ही नात, विलायतेत वाढलेली. तिच्या कपड्यावर एक छोटा बिल्ला होता आणि त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘स्त्रियांना मत’. हिराबाईंनी विचारलं, हे काय? तिथून सुरुवात झाली, असं मिठननं आपल्या आठवणींत नोंदवलं आहे.

लंडनला हिराबाईंनी आणि मिठननं संयुक्त समितीपुढे बाजू मांडली. सभा घेतल्या, खासदारांना पत्रं लिहिली, तिथल्या स्त्रीसंघटनांची मदत मिळवली. मुंबईला जाईजी पेटिट यांना हिराबाई तिथल्या खबरी कळवायच्या. यश अर्धंच आलं. 1919 च्या कायद्यानं स्त्रियांना मत दिलं नाही, पण नाकारलंही नाही. ज्या त्या प्रांताच्या कौन्सिलनं ठराव करून हवं तर द्यावं, अशी सोय ठेवली. मग प्रांताप्रांतात झुंज आली. मद्रास आणि मुंबईनं 1921 मध्ये दार उघडलं. आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडाला 1927 उजाडलं. मिठन लंडनलाच शिकून बॅरिस्टर झाली आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणारी पहिली स्त्री ठरली. टाटा आडनावाचं एक तिकीट माझ्या वहीत आहे, 1965 सालचं. ते जमशेटजींचं आहे. हिराबाईंचं माझ्या वहीत नाही.

विलायतेतल्या बायकांनी या कामासाठी छपाई कशी हाती घेतली, हेही सांगायला हवं. 1909 साली लंडनमध्ये ‘सफ्रेज ॲतेलिए’ नावाची एक कार्यशाळा निघाली. तिथे बायका लाकडाचे ठोकळे कोरायला शिकायच्या आणि हातानंच पोस्टरं, कार्डं छापायच्या. हातानं अशासाठी की आज पार्लमेंटात काही घडलं तर त्यावरचं चित्र लगेच रस्त्यावर यावं, आणि खर्चही कमी. तिथल्या एक प्रमुख क्लेमन्स हाउसमन. बी.ए.ला इंग्रजीच्या पेपरात आम्हाला ए. ई. हाउसमनची कविता होती. त्याची ही बहीण. लाकडावर कोरणारी नामांकित कारागीर. मत नाही तर कर नाही, असं म्हणून तिनं घरपट्टीसारखा एक कर थकवला आणि 1911 मध्ये तुरुंगात गेली. आम्हाला भावाची कविता शिकवली गेली, बहिणीचं नावही वर्गात निघालं नाही.

आपल्याकडे असं पोस्टरांचं युग आलं नाही. आपल्या बायकांचं हत्यार होतं अर्ज, सभा आणि सह्या. सही म्हणजे नावच. आणि इथे तर नाव हीच अडचण होती.

1927 ला वऱ्हाडात मत मिळालं म्हणजे काय मिळालं? पुरुषांना जी मालमत्तेची अट होती तीच बायकांना. शेत नावावर असेल, कर भरत असेल तर मत. आमच्या गावात, इंग्रजी दप्तरात ज्याला बासिम म्हणत त्या वाशिमात, अशा किती बायका निघाल्या असतील? मोजक्याच. माझ्या दादीच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. 1935 च्या कायद्यानं दार थोडं रुंद केलं. लिहिता-वाचता येत असेल तर मत, किंवा नवऱ्याकडे ठरावीक मालमत्ता असेल तर त्याची बायको म्हणून मत. स्त्रीसंघटनांनी या दुसऱ्या अटीला विरोध केला होता. त्यांना सरसकट प्रौढ मताधिकार हवा होता, नवऱ्याच्या सातबाऱ्यावरून मोजलं जाणं नको होतं. तरी सुमारे साठ लाख बायका त्या कायद्यानं मतदार झाल्या आणि 1937 मध्ये आमच्याच प्रांताच्या विधानसभेत अनसूयाबाई काळे उपसभापती झाल्या.

मग स्वातंत्र्य आलं, संविधान आलं आणि एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला मत मिळालं. पुढे काय झालं ते निवडणूक आयोगाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. याद्या करायला माणसं घरोघर गेली तेव्हा लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की नाव नसेल तर नोंद नाही. देशात आठ कोटींच्या आसपास स्त्री मतदार होत्या, त्यांतल्या सुमारे 28 लाख अशा रीतीनं वगळल्या गेल्या. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशातल्या. सेन कठोर होते का? मला वाटतं, बरोबर होते. त्यांनी सवलत दिली असती तर ती यादी अजूनही ‘बेगम हसरत मोहानी’ यांचीच राहिली असती.

हा आकडा वाचला तेव्हा मला घरातली एक गोष्ट आठवली. आमच्याकडे ती हसत सांगितली जायची. पहिल्या यादीच्या वेळी एक मास्तर आमच्या दारात आले. दादी पडद्याआडून म्हणाली, "मेरा नाम कायकू होना? इनकी औरत लिखो." मास्तरांनी पुन्हा विचारलं. ती गप्प. दादा बाहेरगावी होते. मास्तर निघून गेले आणि 1952 ला दादीला मत नव्हतं. आजूबाजूच्या बायका बुरखे घालून, पोरांना कडेवर घेऊन मत टाकून आल्या. दादी ओट्यावरून पाहत राहिली. संध्याकाळपर्यंत ती कुणाशी बोलली नाही, असं फुफी सांगायची.

पुढच्या निवडणुकीच्या यादीसाठी माणूस आला तेव्हा दादीनं युक्ती काढली. सहा-सात वर्षांच्या फुफीच्या कानात तिनं स्वतःचं नाव सांगितलं आणि पोरीनं ते दाराबाहेर जाऊन मोठ्यानं म्हटलं. घरातल्या कितीतरी लोकांनी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. 1957 ला दादीनं मत टाकलं. तेव्हा कागदावर खूण करायची नव्हती. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे, तीत कागद टाकायचा. 1962 पासून सगळी चिन्हं एकाच कागदावर आली आणि शिक्का मारायची रीत सुरू झाली. दादीला ती फार आवडली. पेटीत कागद टाकणं म्हणजे तिला पोस्टात पत्र टाकल्यासारखं वाटायचं, शिक्का मात्र आपल्या हातानं उमटतो. ज्या वर्षी तिनं पहिल्यांदा असा ठसा उमटवला त्याच वर्षी रमाबाईंचं तिकीट आलं. ते तिकीट लावलेलं पाकीट आमच्या तारेत कुणाचं, हे आता सांगणारं कुणी राहिलं नाही.

विलायतेनं 1968 मध्ये स्त्रियांच्या मताच्या पन्नाशीनिमित्त तिकीट काढलं होतं, एमेलिन पँकहर्स्टच्या पुतळ्याचं. 2018 मध्ये आठ तिकिटांची मालिका काढली. तीत एकावर सोफिया दुलीपसिंग आहे, रस्त्यात उभी राहून चळवळीचा अंक विकणारी. एका मित्राच्या मुलानं तिकडून ते तिकीट पाठवलं. पाण्यात बुडवायची गरज नव्हती, कोरंच होतं. मी ते रमाबाईंच्या शेजारी लावलं आणि मधे हिराबाईंसाठी एका तिकिटाएवढी जागा सोडली.

माझी भाची कला शिक्षक पदविका करते आहे. वही पाहून तिनं विचारलं, "मामू, ये जगा खाली कायकू?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सरकारची वाट कशाला पाहायची?" लायनोचा तुकडा घेतला, कोरणी घेतली आणि बसली. पहिल्याच ठशाला फजिती झाली. हिराबाईंच्या चेहऱ्याखाली तिनं ‘मत’ हा शब्द सरळ कोरला होता. काचेवर शाई पसरली, रूळ फिरवला, कागद ठेवून पाठीमागून चमच्यानं घासला आणि उचलला, तर अक्षरं उलटी आणि शब्द झाला होता ‘तम’. तम म्हणजे काळोख. मी खूश झालो, भाची वैतागली. दुसरा तुकडा तिनं नीट उलटा कोरला.

निशातुन्निसांच्या वेळी तिनं चेहरा काढलाच नाही. तिला खात्रीचा वाटेल असा फोटो हाताशी नव्हता. म्हणून फक्त नाव कोरलं, वर उर्दूत आणि खाली देवनागरीत. ठोकळ्यावर उर्दू डावीकडून उजवीकडे चालली होती आणि देवनागरी उजवीकडून डावीकडे. कागदावर आल्यावर दोन्ही आपापल्या वाटेला लागल्या. शायराचं नाव कुठेच नाही.

मग ती म्हणाली, "आता दादीजान." दादीचा एकही फोटो नाही. नावच कोरावं लागणार होतं आणि ते नाव परक्यापुढे उच्चारलेलं दादीला आयुष्यभर आवडलं नाही. यादीत द्यावं लागलं म्हणून तिनं दिलं. म्हणून मी ते इथेही लिहीत नाही. पण भाचीला एका चिठ्ठीवर लिहून दिलं. तिनं ते लायनोवर उलटं उतरवलं, तासभर कोरलं आणि शाई लावण्याआधी माझ्यापुढे धरलं. उलटं असल्यामुळे एकदम वाचता येत नव्हतं.

"असंच राहू देऊ का, मामू?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "छाप."